कळलावीची बियांपासून लागवड

कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही उष्ण कटिबंधात आढळणारी, जमिनीखाली कंद असणारी बहुवर्षायू वेल आहे. पावसाळ्यात येणारी तिची लाल-पिवळी, ज्वालेसारखी फुले विलक्षण शोभिवंत असल्यामुळे बागांमध्ये आणि कुंड्यांमध्ये तिची लागवड केली जाते. ही लागवड सामान्यतः कंदांपासून होते. बियांपासूनही ती घरच्या घरी करता येते, परंतु बियांची दीर्घ सुप्तावस्था, अनियमित उगवण आणि पहिले फूल येईपर्यंत लागणारी तीन ते चार वर्षे यांमुळे ही पद्धत कमी प्रचारात आहे. कळलावीचे सर्व भाग, विशेषतः बी आणि कंद, अत्यंत विषारी असल्यामुळे तिच्या लागवडीत सुरक्षिततेचा विचार प्रथम करावा लागतो.

नावे

मराठीत या वनस्पतीला कळलावी, अग्निशिखा आणि खड्यानाग अशी नावे आहेत. 'कळ' म्हणजे प्रसूतीच्या वेदना. कंदाचा उपयोग प्रसूतीच्या कळा सुरू करण्यासाठी करण्याची प्रथा पूर्वी लोकवैद्यकात होती, त्यावरून कळलावी हे नाव पडले. 'कळ लावणे' याचा भांडण लावणे असाही अर्थ मराठीत रूढ असल्यामुळे काही ठिकाणी ही वेल घराजवळ लावणे अशुभ मानतात. अग्निशिखा हे नाव फुलांच्या आकारावरून व रंगावरून आले आहे. संस्कृतमध्ये तिला लांगली असेही म्हणतात. 'लांगल' म्हणजे नांगर. कोनात वाकलेला तिचा कंद नांगरासारखा दिसतो. कोकणाच्या काही भागांत भाद्रपदात गौरीच्या सणाच्या सुमारास फुलणाऱ्या या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात.

कार्ल लिनियस याने १७५३ साली 'स्पेसीज प्लांटारम' या ग्रंथात या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ग्लोरिओसा या प्रजातिनामाचा लॅटिन भाषेतील अर्थ वैभवशाली, तर सुपर्बा या जातिनामाचा अर्थ भव्य किंवा दिमाखदार असा आहे. पूर्वी तिचा समावेश लिली कुलात (लिलिएसी) केला जात असे. आधुनिक वर्गीकरणानुसार ती कॉल्चिकेसी या कुलात मोडते.

प्रसार आणि अधिवास

कळलावी उष्ण कटिबंधीय व दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया या प्रदेशांत नैसर्गिकरीत्या आढळते. महाराष्ट्रात व गोव्यात ती जंगलाच्या कडेने, झुडपांत, कुंपणांवर आणि डोंगरउतारांवर पावसाळ्यात दिसते. पावसाळी हवा, निचऱ्याची जमीन, मुळाशी सावली व शेंड्याला ऊन ही परिस्थिती तिला मानवते. घरगुती लागवडीत शक्यतो हीच परिस्थिती निर्माण करावी लागते.

रचना आणि जीवनचक्र

कळलावी ही एकदलिकित वनस्पती आहे. तिचा कंद इंग्रजी 'एल' किंवा 'व्ही' या अक्षरांच्या आकाराचा, मांसल व ठिसूळ असतो. कंदाच्या टोकाशी वाढीचा डोळा असतो. हा डोळा मोडला तर उरलेल्या कंदाच्या तुकड्यातून सहसा नवीन वेल येत नाही. बटाट्याप्रमाणे कंदावर सर्वत्र डोळे नसतात, हा फरक कंद हाताळताना महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या पावसाबरोबर कंदातून कोंब वर येतो. खोड बारीक असून वेल आधारावर दोन-तीन मीटर किंवा त्याहून अधिक चढते. पाने देठरहित, लांबट व टोकाकडे निमुळती असतात. पानाचे टोकच तणाव्यात रूपांतरित झालेले असते व त्याच्या साहाय्याने वेल आधाराला विळखा घालते.

फुले खाली झुकलेली असतात. मात्र त्यांची सहा परिदले मागे वळून आकाशाकडे उभी राहतात व त्यांच्या कडा नागमोडी असतात. कळी उमलताना हिरवट असलेली परिदले क्रमाने पिवळी, नारिंगी व अखेरीस गडद लाल होतात. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी निरनिराळ्या रंगांची फुले दिसतात. सहा पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले असतात आणि कुक्षिवृंत अंडाशयापासून जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळलेला असतो. कुक्षी परागकोशांपासून दूर राहिल्यामुळे परपरागीभवनाला मदत होते. फुलपाखरे व सूर्यपक्षी या फुलांना भेट देतात.

फळ म्हणजे लांबट बोंड असते. पक्व झाल्यावर ते तीन भागांत उकलते व आतील गोलसर, नारिंगी-लाल बिया दिसू लागतात. त्यानंतर पाने पिवळी पडून वेल वाळते आणि कंद जमिनीत सुप्त राहतो. जुना कंद त्या हंगामात संपून जातो व त्याच्या जागी नवा कंद तयार झालेला असतो.

विषारीपणा

कळलावीच्या सर्व भागांत कॉल्चिसीन व त्याच्याशी संबंधित अल्कलॉइडे असतात. बियांमध्ये त्यांचे प्रमाण कंदापेक्षा अधिक असते. कॉल्चिसीन पेशीतील ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते व पेशीविभाजन थांबवते. त्यामुळे ज्या ऊतींमध्ये पेशींचे विभाजन सतत चालू असते, अशा आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा व केसांची मुळे यांवर त्याचा परिणाम प्रकर्षाने होतो.

विषबाधेची लक्षणे लगेच दिसत नाहीत. सामान्यतः काही तासांनंतर घशात जळजळ, मळमळ, उलट्या, पोटदुखी व तीव्र जुलाब सुरू होतात. पुढील काही दिवसांत रक्तदाब घसरणे, मूत्रपिंड व इतर अवयव निकामी होणे, रक्तपेशी घटणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. बचावलेल्या रुग्णांमध्ये काही दिवसांनी केस गळणे हे लक्षण आढळते. सुरुवातीचे तास लक्षणांविना जात असल्याने धोका टळला असा गैरसमज होऊ शकतो. कळलावीचा कोणताही भाग खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे व वनस्पतीचा नमुना डॉक्टरांना दाखवावा. घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये.

कंद रताळे किंवा खाद्य कंद समजून चुकून खाल्ल्यामुळे झालेल्या विषबाधेची उदाहरणे श्रीलंका व भारतात नोंदली गेली आहेत. गुरेढोरे व पाळीव प्राणी यांनाही ही वनस्पती घातक आहे.

घरी लागवड करताना पुढील दक्षता घेणे आवश्यक मानले जाते:

- ज्या घरात लहान मुले किंवा पाने चावणारे पाळीव प्राणी आहेत, तेथे ही वेल लावू नये. लावलीच तर त्यांच्या पूर्णपणे आवाक्याबाहेर ठेवावी. लाल बिया मुलांना आकर्षक वाटतात.
- बिया व कंद हाताळताना हातमोजे वापरावेत. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत व डोळ्यांना हात लावू नये.
- बियांच्या पाकिटावर व कुंडीवर नाव आणि 'विषारी' अशी स्पष्ट चिठ्ठी लावावी.
- कंद आले, हळद, रताळी यांच्याजवळ किंवा स्वयंपाकघरात साठवू नयेत.
- बिया भिजवण्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. ते पाणी प्राणी पिणार नाहीत अशा ठिकाणी ओतावे.
- कळलावी व भाजीपाला एकाच कुंडीत किंवा वाफ्यात लावू नयेत.

बी गोळा करणे व साठवणे

महाराष्ट्राच्या हवामानात फुलोरा साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात असतो व बोंडे पावसाळा संपल्यावर पिकतात. बोंडाचा हिरवा रंग जाऊन ते पिवळसर-तपकिरी व सुरकुतलेले दिसू लागले, की ते उकलण्याच्या बेतात आहे असे समजावे. या अवस्थेत बोंडे काढून कागदावर सावलीत वाळवल्यास ती आपोआप उकलतात व बिया जमिनीवर सांडत नाहीत. कोवळ्या, हिरव्या बोंडांतील बी अपक्व असल्याने उगवत नाही.

वाळलेल्या बियांतून हलक्या, पोचट व बुरशी आलेल्या बिया काढून टाकाव्यात. उरलेल्या बिया कागदी पाकिटात भरून कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात. ओलसर बी हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास त्यावर बुरशी येते.

सुप्तावस्था

ताजे बी लगेच पेरल्यास सहसा उगवत नाही. बीजावरण टणक असते आणि बीसुद्धा काही काळ सुप्तावस्थेत राहते. हा काळ साधारणतः सहा ते नऊ महिन्यांचा असतो. पावसाळी प्रदेशातील वनस्पतीसाठी हे उपकारक आहे. कार्तिक-मार्गशीर्षात जमिनीवर पडलेले बी तेव्हाच रुजले, तर कोवळे रोप कंद तयार होण्यापूर्वीच हिवाळ्या-उन्हाळ्यातील कोरडेपणात मरून जाईल. सुप्तावस्थेमुळे बी पुढील पावसाळ्यापर्यंत थांबते. घरी लागवड करतानाही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोळा केलेले बी कोरडे साठवून मे-जूनमध्ये पेरणे हाच सोयीचा क्रम ठरतो.

पूर्वप्रक्रिया

पेरणीपूर्वी बिया कोमट पाण्यात सुमारे २४ तास भिजवतात. उकळते पाणी वापरल्यास बीजांकुर मरतो. भिजल्यानंतर बाहेरचे लाल आवरण मऊ होते. ते हातमोजे घालून जाड्याभरड्या कापडावर किंवा वाळूत चोळून काढावे. हे आवरण तसेच राहिल्यास त्यावर बुरशी वाढते आणि पाणी आत शिरण्यासही अडथळा होतो. आवरण काढल्यानंतर हाती येणारे फिकट रंगाचे टणक बी पॉलिश कागदावर एका बाजूने अलगद घासल्यास पाणी शोषले जाण्यास मदत होते. आतील गर दिसेपर्यंत घासू नये. या वेळी उडणारी भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून बी ओले असतानाच घासावे.

पेरणी

कळलावीच्या रोपाला मुळे दुखावलेली चालत नाहीत आणि पहिल्या वर्षी तयार होणारा कंद अतिशय नाजूक असतो. त्यामुळे उथळ तबकात पेरून रोपे लवकर हलवण्यापेक्षा निदान १५ ते २० सेंमी खोलीच्या कुंडीत किंवा पिशवीत पेरून रोपे पूर्ण हंगामभर तेथेच ठेवणे श्रेयस्कर असते. कुंडीच्या तळाला छिद्रे असावीत व त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत.

मिश्रणासाठी पोयटा माती, जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समप्रमाणात घेतात. मातीऐवजी कोकोपीट वापरता येते. मात्र ते पाणी धरून ठेवत असल्याने वाळूचे प्रमाण वाढवावे लागते. काळी चिकण माती या वनस्पतीला मानवत नाही, कारण तिच्यात पाणी साचून बी व कंद कुजतात.

बी सुमारे एक ते दीड सेंमी खोल पेरून वर बारीक मिश्रण पसरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. दोन बियांमध्ये चार-पाच सेंमी अंतर ठेवावे. उगवणीसाठी सुमारे २५ अंश सेल्सियस तापमान अनुकूल असते. कुंडी उजेडात परंतु थेट पावसाच्या माऱ्यापासून दूर, म्हणजे पडवीत, छज्जाखाली किंवा सज्जात ठेवावी. कोकणातील मुसळधार पावसात उघड्यावर ठेवलेल्या कुंडीतील बी वाहून जाते किंवा कुजते. याउलट देशावरील कोरड्या पट्ट्यात पावसाने ओढ दिल्यास पाणी द्यावे लागते.

उगवण

एकाच बोंडातील, एकाच दिवशी पेरलेल्या बियाही एकाच वेळी उगवत नाहीत. पहिले कोंब साधारणतः तीन ते सहा आठवड्यांत दिसतात. उरलेल्या बिया पुढील दोन-तीन महिन्यांत एकेक करून उगवतात, तर काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतात. निसर्गात या विखुरलेल्या उगवणीचा लाभ असा, की पावसात मोठा खंड पडून आधी आलेली रोपे मेली तरी मागून येणारी रोपे शिल्लक राहतात. म्हणून महिना-दीड महिन्यात काही उगवले नाही तरी कुंडीतील मिश्रण टाकून देऊ नये. ते किंचित ओलसर राखावे. उकरून बी तपासल्यास नुकताच फुटलेला अंकुर मोडण्याची भीती असते.

पहिले वर्ष

पहिल्या वर्षी रोप अगदी लहान राहते. एक बारीक कोंब, त्यावर मोजकी पाने एवढीच जमिनीवरील वाढ दिसते. सुरुवातीच्या पानांना तणावे नसतात किंवा अपुरे असतात. नवख्या व्यक्तीला हे गवत वाटून ते उपटले जाण्याची शक्यता असते. या काळात वनस्पतीची शक्ती मुख्यतः जमिनीखाली छोटा कंद तयार करण्यात खर्च होते.

या अवस्थेत सकाळचे कोवळे ऊन व दुपारची विरळ सावली योग्य असते. मिश्रणाचा वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे. खत द्यायचे झाल्यास अत्यंत सौम्य प्रमाणात द्रवरूप खत देतात.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पाने पिवळी पडून रोप वाळते. रोप मेले असा समज होऊन कुंडी रिकामी केली जाते किंवा रोप वाचवण्यासाठी अधिक पाणी दिले जाते. बियांपासून वाढवलेली अनेक रोपे या टप्प्यावर गमावली जातात. वास्तविक ही सुप्तावस्थेची सुरुवात असते. पाने पिवळी होऊ लागताच पाणी कमी करत जावे व वेल पूर्ण वाळल्यावर ते थांबवावे. कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी तशीच ठेवावी. लहान कंद उकरून बाहेर ठेवल्यास तो सुकून जाऊ शकतो, म्हणून पहिल्या वर्षी तो मातीतच राहू देणे अधिक सुरक्षित असते.

दुसरे वर्ष

एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात, नवे कोंब येण्यापूर्वी, कंद मोठ्या कुंडीत हलवता येतात. कुंडी आडवी करून मिश्रण हाताने मोकळे करावे. खुरपे वापरल्यास कंद तुटतो. कंद आडवा ठेवून पाच ते सात सेंमी मातीखाली पुरावा. डोळा असलेले टोक ओळखता आल्यास ते कुंडीच्या मध्याकडे वळवावे. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताने द्यावे. सुप्त कंद ओल्या मातीत लवकर कुजतो.

दुसऱ्या वर्षी वेल अधिक उंच होते आणि पानांना तणावे येतात. तणावे म्हणजे पानांची टोकेच असल्याने ती फक्त बारीक आधाराला वेटोळे घालू शकतात. जाड बांबू किंवा गुळगुळीत नळी यांवर ती चढत नाही. तार, सुतळी, वाळलेल्या काटक्या किंवा बारीक जाळी हा आधार योग्य ठरतो. आधार कोंब येण्यापूर्वीच रोवावा, अन्यथा काठी कंदात घुसण्याचा धोका असतो. खोडाचा शेंडा मोडल्यास त्या हंगामातील वाढ बहुधा खुंटते. म्हणून वेल हाताने वळवताना काळजी घ्यावी लागते.

तिसरे व चौथे वर्ष

योग्य वाढ झालेल्या कंदापासून तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी प्रथम फुले येतात. फुलण्याच्या वयाच्या वेलीला निदान ३० सेंमी रुंद व तितकीच खोल कुंडी लागते. शेंड्याला दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळावे. मुळांपाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालून माती थंड ठेवावी. नत्राचे प्रमाण जास्त झाल्यास पाने भरपूर वाढतात व फुले कमी येतात, म्हणून कळ्या येण्याच्या सुमारास पालाशयुक्त खत देतात.

बियांपासून आलेली रोपे परपरागीभवनातून निर्माण झालेली असल्यामुळे फुलांचा रंग, परिदलांचा नागमोडीपणा व वेलीची उंची यांत मातृवेलीपेक्षा फरक असू शकतो. 'रोथशिल्डियाना' यासारख्या नामांकित शोभिवंत प्रकारांचे गुण तंतोतंत टिकवायचे असल्यास त्यांची वाढ कंदांपासूनच करतात.

लागवडीचे वार्षिक वेळापत्रक

महाराष्ट्रातील हवामानासाठी कामांचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

- एप्रिल–मे: कुंड्यांचे मिश्रण बदलणे, मोठे कंद हलवणे, बी भिजवून आवरण काढणे.
- मे अखेर–जून: पेरणी, जुन्या कंदांना कोंब येताच पाणी सुरू करणे, आधार बांधणे.
- जुलै–ऑगस्ट: वेलीची वाढ, पाण्याचा निचरा तपासणे, अळ्यांवर लक्ष ठेवणे.
- ऑगस्ट–ऑक्टोबर: फुलोरा व हस्तपरागीभवन.
- नोव्हेंबर–डिसेंबर: बोंडे काढणे, बी वाळवणे, पाणी कमी करणे.
- जानेवारी–मार्च: पूर्ण विश्रांती, पाणी बंद.

हस्तपरागीभवन

गच्चीवर किंवा सज्जात वाढणाऱ्या वेलीला परागवाहक कीटक व पक्षी पुरेसे मिळत नाहीत. पराग आपोआप कुक्षीवर पडण्याची शक्यता फुलाच्या रचनेमुळे कमी असते. त्यामुळे बी हवे असल्यास हाताने परागीभवन करतात. सकाळच्या वेळी ताज्या उमललेल्या फुलाचे पराग मऊ कुंचल्याने घेऊन दुसऱ्या वेलीवरील फुलाच्या कुक्षीवर लावतात. एकच वेल असल्यास निरनिराळ्या फुलांमध्ये हा प्रयोग करता येतो, परंतु दोन स्वतंत्र वेलींमधील परागीभवनातून अधिक बी धरण्याची शक्यता असते. तमिळनाडूतील व्यापारी लागवडीतही बियांचे उत्पादन वाढवण्यासाठी मजुरांकरवी अशा प्रकारे परागीभवन केले जाते.

एका वेलीला अनेक बोंडे धरू दिल्यास कंदाच्या पोषणात वाटेकरी वाढतात. पुढील वर्षी जोमदार फुलोरा हवा असल्यास दोन-तीन बोंडे ठेवून उरलेली कोमेजलेली फुले काढून टाकणे हितावह असते. मुले वा प्राणी यांचा धोका असलेल्या घरात सर्वच बोंडे पिकण्यापूर्वी काढून टाकावीत.

कीड व रोग

पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या अळ्या कळलावीची पाने अधाशीपणे खातात. या पतंगाचे जातिनामच या वनस्पतीवरून पडले आहे. काळ्या रंगावर पांढरे व लालसर ठिपके असलेल्या या अळ्या समूहाने दिसतात. घरगुती लागवडीत त्या हातमोजे घालून वेचणे पुरेसे ठरते. मावा व कोळी यांचा उपद्रव झाल्यास निंबोळी अर्काची फवारणी करतात. सततच्या दमट हवेत पानांवर करपा येतो. बाधित पाने काढून टाकावीत व वेलीभोवती हवा खेळती ठेवावी. कंदकूज हा सर्वांत घातक रोग असून त्याचे मुख्य कारण साचलेले पाणी असते. कुजलेला कंद पुन्हा सुधारत नसल्याने निचरा सांभाळणे हाच यावरील खरा उपाय होय.

बी व कंद यांपासूनच्या लागवडीची तुलना

फुलण्याच्या वयाचा कंद लावल्यास सामान्यतः त्याच हंगामात फुले येतात व मातृवेलीचे गुण कायम राहतात. मात्र एका कंदापासून वर्षाला मोजकेच नवे कंद मिळतात, वाहतुकीत डोळा मोडण्याची भीती असते व कंदाबरोबर रोगही पसरू शकतो. बियांपासूनच्या लागवडीत फुलांसाठी काही वर्षे थांबावे लागते, परंतु एका बोंडातून अनेक रोपे मिळतात, त्यांच्यात आनुवंशिक विविधता असते आणि मूळ वेल जमिनीत तशीच राहते.

उपयोग व सांस्कृतिक संदर्भ

आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांमध्ये केली जाते व शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असे सांगितले आहे. प्रसूतीसाठी तिचा घरगुती वापर जिवावर बेतू शकतो. आधुनिक वैद्यकात कॉल्चिसीन हे औषध संधिवाताच्या गाउट या प्रकारावर नियंत्रित मात्रेत दिले जाते. १९३७ साली कॉल्चिसीनच्या साहाय्याने वनस्पतींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते असे दाखवण्यात आले, तेव्हापासून वनस्पती प्रजननशास्त्रात त्याचा व्यापक वापर होऊ लागला. औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या बियांकरिता तमिळनाडूत कळलावीची शेती केली जाते.

कळलावी हे तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. तमिळमध्ये त्याला कांदळ म्हणतात व प्राचीन संगम साहित्यात त्याचे उल्लेख आढळतात. झिम्बाब्वेचे ते राष्ट्रीय पुष्प असून १९४७ साली तत्कालीन दक्षिण ऱ्होडेशियाच्या वतीने राजकन्या एलिझाबेथ यांना या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा अलंकार भेट देण्यात आला होता. जपानमध्ये शिकोकू बेटावरील कोची प्रांतात पुष्परचनेसाठी या फुलांचे उत्पादन घेतले जाते. थंड देशांत ही वेल हरितगृहात वाढवतात व हिवाळ्यात कंद कोरड्या जागी साठवतात.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बागांमधून बाहेर पसरलेली कळलावी उपद्रवी तण ठरली आहे. तेथे ती किनारी वाळूच्या टेकड्यांवरील स्थानिक वनस्पतींना हटवते. म्हणून मूळ अधिवासाबाहेरच्या प्रदेशात बी नेण्यापूर्वी तेथील नियम पाहणे आवश्यक असते.

संवर्धन

औषधी व्यापारासाठी आणि शोभेच्या लागवडीसाठी रानातून कंद खणून नेल्यामुळे अनेक ठिकाणी कळलावीचे प्रमाण घटते. कंद खणताना ती वेल तर नष्ट होतेच. शिवाय फुलोऱ्याच्या काळात खणल्यास त्या वर्षीचे बीही तयार होत नाही. बियांपासून फुलण्याच्या वयाला येण्यास तीन-चार वर्षे लागत असल्याने एकदा खणलेल्या जागी वेलींची संख्या पूर्ववत होण्यास दीर्घ काळ जातो. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून परवानगीशिवाय वनस्पती किंवा त्यांचे भाग नेणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार निषिद्ध आहे. घरगुती लागवडीसाठी रोपवाटिकेतील कंद किंवा लागवडीतील वेलींचे बी घेतल्यास रानातील वेलींवर ताण पडत नाही. बागेत तयार झालेले बी इतर लागवडकर्त्यांना देताना त्याबरोबर विषारीपणाची लेखी सूचनाही देणे आवश्यक असते.